उदाहरणार्थ, एक वाक्य

इंग्रजीतले अवघड शब्द आपण पाठ का करतो? परीक्षेसाठी, मुलाखतीसाठी, आणि चारचौघांत छाप पडावी म्हणून. तिसरे कारण कोणी कबूल करीत नाही. परंतु शब्दसंग्रहाच्या पुस्तकांचा निम्मा खप त्याच्यावरच होत असावा, असा माझा संशय आहे. कॉलेजात असताना मीही त्या गिऱ्हाइकांपैकीच होतो. जुन्या बाजारातून एक पातळ पुस्तक आणले होते. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. रोज दहा शब्द, असा नेम. पाढे म्हणावेत तसे मी ते म्हणत असे.

त्याच वर्षी वडील गेले. ते रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. कोणाचा अर्ज लिहून दे, कोणा म्हातारीला गाडीत जागा करून दे, अशी परक्यांची कामे ते जन्मभर करीत आले. त्यांचे एक जुने सहकारी मद्रासकडचे. त्यांना मराठी येत नसे, आम्हाला तमिळ येत नसे; तेव्हा कळवायचे ते इंग्रजीतच. पत्र लिहायला मी बसलो. माझ्या यादीत 'ऑफिशस' असा शब्द होता आणि त्यापुढे 'सेवातत्पर' असा अर्थ. वडिलांना याहून शोभणारा शब्द कोणता? 'ते अखेरपर्यंत ऑफिशस राहिले,' असे मी लिहून टाकले. पुढे काही महिन्यांनी मोठा कोश चाळताना कळले की, न विचारता दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणाऱ्या, उगाच अधिकार गाजवणाऱ्या माणसाला हा शब्द लावतात.

गंमत अशी की, ती यादी सर्वस्वी खोटी नव्हती. 1755 साली इंग्रजीचा थोर कोश रचणाऱ्या सॅम्युएल जॉन्सनच्या घरी रॉबर्ट लेव्हेट नावाचा, गोरगरिबांना औषधपाणी करणारा एक साधा माणूस राहत असे. तो 1782 साली वारला, तेव्हा जॉन्सनने त्याच्यावर कविता लिहिली आणि तीत हाच शब्द त्याच्या स्तुतीसाठी वापरला. म्हणजे माझे वाक्य अगदीच चूक नव्हते. ते फार उशिरा लिहिले गेले होते, इतकेच! मधल्या काळात शब्दाची अब्रू गेली, आणि यादीला त्याचा पत्ता नव्हता.

तेव्हापासून शब्द शिकवणारी पुस्तके मी एका कसोटीने पाहतो: हे पुस्तक मला शब्दाचा नुसता अर्थ सांगते, की त्याची वागणूकही सांगते?

नॉर्मन लुईसचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' 1949 साली निघाले आणि आजही आपल्याकडे पदपथावरच्या दुकानांत दिसते. त्याची लोकप्रियता मला अनाठायी वाटत नाही. सुटे शब्द न देता तो त्यांची कुळे सांगतो. द्वेष दाखवणारा एक ग्रीक धातू घेतला की, माणसांचा द्वेष्टा, स्त्रियांचा द्वेष्टा आणि लग्नाचा द्वेष्टा असे तिघे भाऊ एकदमच ओळखीचे होतात. संस्कृतच्या तासाला धातू आणि उपसर्ग घोकलेल्या आपल्या माणसाला ही रीत घरचीच वाटते. पण तिची मर्यादाही आपल्यालाच लवकर कळावी. 'हृ' धातू ठाऊक आहे म्हणून आहार, विहार आणि प्रहार यांतला फरक कोणाला कळेल? 'इग्रीजस' हा शब्द घ्या. मूळ लॅटिन अर्थ 'कळपाबाहेरचा', म्हणजे असामान्य. एके काळी तो थोरामोठ्यांना लावीत. आज तो घोर चुकांनाच लावतात. कुळावरून जन्म कळतो, चालचलणूक कळत नाही.

ती कळायला वाक्यच लागते. ए. एस. हॉर्नबी हा इंग्रज शिक्षक जपानात शिकवीत असे. परकी मुले कुठे अडखळतात हे त्याने वर्गातच पाहिले होते. दोन सहकाऱ्यांसह त्याने केलेला कोश 1942 साली टोकियोत छापला गेला; त्याचाच पुढचा अवतार आपल्या घराघरांतला ऑक्सफर्डचा 'अॅडव्हान्स्ड लर्नर्स' कोश. त्यातली उदाहरणे दिसायला साधी. पण क्रियापदानंतर काय येते आणि काय येत नाही, हे ती बिनबोभाट शिकवतात. दोष एवढाच की, मास्तरांनी फळ्यावर लिहिलेली वाक्ये ती. कोणी कोणाला खरोखर बोललेली नव्हेत.

ही उणीव 1987 च्या 'कोबिल्ड' कोशाने भरून काढली. जॉन सिंक्लेअर आणि त्याच्या बर्मिंगहॅममधल्या मंडळींनी छापील मजकूर आणि बोलणे यांतले लाखो शब्द संगणकात साठवले, आणि उदाहरणे त्यातूनच उचलली. व्याख्याही तुटक न देता पूर्ण वाक्यात दिली. या खटाटोपात सिंक्लेअरला एक मौज आढळली. 'सेट इन', म्हणजे 'सुरू होऊन ठाण मांडणे', हे क्रियापद बहुतेक कुजणे, निराशा अशा नकोशा गोष्टींच्याच संगतीत सापडते. व्याख्येत ते दिसत नाही. शेकडो वाक्ये शेजारी मांडली म्हणजे दिसते. आपल्याला याचे नवल वाटू नये. मराठीत संकट ओढवते. लग्न ओढवत नाही, निदान मांडवात तरी तसे कोणी म्हणत नाही. मोल्सवर्थसाहेबाला हे पुरते ठाऊक होते. त्याच्या मराठी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती उघडा. शब्दाबरोबर त्याचे वाक्प्रचार आणि म्हणी भेटतात, आणि शब्द कोणाच्या पंक्तीला बसतो ते कळते.

तरीही 'कोबिल्ड'पाशी थांबावे असे मी म्हणणार नाही. खरे वाक्यसुद्धा मूळ पानावरून उचलले की थोडे परके होते. ते कोणी, कोणाला आणि का म्हटले हे मागेच राहते. म्हणून घरातल्या मुलांना माझे सांगणे एवढेच: दिवसाला दहा शब्द नकोत, एक पुरे, पण तो वाचताना भेटलेला असावा, आणि वहीत त्याच्यासह ते आख्खे वाक्य उतरवावे.

मद्रासकडच्या त्या गृहस्थांचे उत्तर मला पंधरा दिवसांतच आले होते. माझ्या शब्दाविषयी त्यात अवाक्षर नव्हते. एका पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या असता वडिलांनी एका अनोळखी कुटुंबाला रात्रभर आपल्या खोलीत ठेवून घेतले, ही मला ठाऊक नसलेली हकिगत त्यांनी लिहिली होती, आणि शेवटी म्हटले होते की, इतका 'ओब्लायजिंग' माणूस पाहिला नाही. मी ते पत्र तेव्हा नुसते वाचले. चूक उमगल्यावर पुन्हा काढून पाहिले, तेव्हा ध्यानात आले की माझा शब्द त्यांनी हलकेच बाजूला ठेवून त्या जागी योग्य शब्द ठेवला होता. अर्थ सांगितला नव्हता. वाक्य दिले होते. तो शब्द मी पुन्हा कधी चुकलो नाही.