किती देते?

मारुती हा आमचा घरचा देव. सातारा जिल्ह्यात जन्म घेतलेल्या माणसाची त्याच्यापासून सुटका नसते. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी निम्म्याहून अधिक आमच्याच जिल्ह्यात, आणि ज्या गावांच्या वाट्याला समर्थ आले नाहीत त्यांनी वेशीवर आपापला उभा केला. त्यामुळे 'मारुती' म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे येते ते शेंदराचे थरावर थर चढलेले, मूळ दगड कुठे सुरू होतो याचा पत्ता न लागणारे एक भक्कम ध्यान. असे असताना नेमक्या याच नावाची मोटार निघावी आणि तिच्याविषयी साऱ्या देशाचे एकच मत पडावे की हिचा पत्रा पातळ आहे, याला काय म्हणावे? नाव ठेवणाऱ्यांच्या मनात वाऱ्याचा मुलगा असणार. आम्हाला आठवत होता तो द्रोणागिरी उचलणारा.

आज आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोजून अकरा मारुती उभे असतात. त्यातला एक माझा.

आता, मोटारींवर टीका करण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. मी बी.कॉम. आहे आणि बँकेत आहे. वाहनकर्जाच्या फायली माझ्या टेबलावरून जातात. मोटारींचे तज्ज्ञ इंजिनाचा आवाज ऐकतात. मी गाडी घेणाऱ्या माणसाचा ऐकतो. आणि इतक्या वर्षांत मी एक पाहिले आहे. कर्ज मंजूर झाल्यावर पेढे घेऊन आलेल्या माणसाला शाखेतले यच्चयावत लोक, मॅनेजरपासून सुरक्षारक्षकापर्यंत, एकच प्रश्न विचारतात : "किती देते?"

इथे 'किती' म्हणजे लिटरला किलोमीटर. याला आपल्याकडे 'ॲव्हरेज' म्हणतात. कॉलेजात आम्हाला ॲव्हरेज म्हणजे सरासरी असे शिकवले होते. ते चुकीचे होते. मोटारमालक ॲव्हरेज म्हणून जो आकडा सांगतो तो त्याच्या गाडीने आयुष्यात एकदाच, उतारावर, मागून वारा असताना, एकटाच माणूस आत बसलेला असताना दिलेला असतो. हा प्रश्न आपल्या रक्तात किती भिनला आहे हे खुद्द कंपनीलाही ठाऊक होते. २०१० च्या सुमारास तिने 'कितना देती है?' याच वाक्यावर जाहिरातींची मालिका काढली. समोर कसलेही भारी यंत्र ठेवा, भारतीय माणूस शेवटी हेच विचारणार, असा त्यांचा आशय. आम्ही त्या पाहून पोट धरधरून हसलो. स्वतःचे व्यंगचित्र स्वतःच विकत घेऊन भिंतीवर लावावे, तसा तो प्रकार होता.

या कंपनीचा खातेउतारा काढला तर पहिले पान निव्वळ बुडीत आहे. १९७१ साली संजय गांधींनी 'मारुती' नावाची कंपनी काढली. इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइसच्या कारखान्यात उमेदवारी करून आलेल्या माणसाने सामान्यांची मोटार काढायला निघणे म्हणजे पंचतारांकित हॉटेलात शिकून झुणका-भाकर केंद्र टाकण्यापैकीच. जमीन मिळाली, परवाना मिळाला, चर्चा तर भरपूर मिळाली. एक गोष्ट मात्र राहिली : मोटार. काही नमुने झाले, पण दुकानात जाऊन घ्यावी अशी गाडी काही आली नाही. १९७७ मध्ये सरकार बदलले आणि कंपनीचा निकाल लागला. जून १९८० मध्ये विमान अपघातात संजय गांधी गेले. मग सरकारने ती मालमत्ता ताब्यात घेतली, १९८१ मध्ये 'मारुती उद्योग' स्थापन केला आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार केला. बँकेत आम्ही बुडीत खात्यांच्या फायली कपाटावर टाकतो. ही एवढी एकच फाइल माझ्या माहितीत आहे की जी कपाटावरून खाली आली आणि चालू लागली.

१४ डिसेंबर १९८३ ला, म्हणजे संजय गांधींच्या जन्मतारखेला, पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते इंडियन एअरलाइन्समधल्या एका गृहस्थांना मिळाली. त्यांनी ती गाडी आयुष्यभर, २०१० मध्ये वारेपर्यंत, सोडली नाही. मारुतीवर टीका करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. नवराबायकोसुद्धा इतके टिकून राहतील याची आजकाल खात्री नाही.

तोवर देशात मोटार म्हणजे ॲम्बॅसडर नाहीतर फियाट. फियाट आपल्या कुर्ल्याला बनायची. पुढे तिचे नाव पद्मिनी झाले, पण मराठी माणसाने तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटले. या गाड्या दणकट होत्या, नाही असे नाही. पण फियाटवाल्याच्या घरात मेकॅनिक हा नात्यातला असे. मुंजीची पहिली पत्रिका गणपतीला आणि दुसरी त्याला. आणि आमच्यासारख्यांना तर मोटार दूरच राहिली, स्कूटरसुद्धा नंबर लावून मिळायची. बाबांनी चेतकसाठी नंबर लावला तेव्हा त्यांचे लग्न व्हायचे होते. स्कूटर आली तेव्हा मी बालवाडीत होतो. स्कूटरवर मी पुढे उभा, हँडलच्या मधे नाक टेकून; मागे आई, तिच्या मांडीवर धाकटी बहीण, आणि बहिणीच्या मांडीवर भाजीची पिशवी. हेल्मेट एकही नाही. माहुलीच्या यात्रेला आम्ही असे जात असू आणि वाटेत दिसणारे सगळेच असे असत.

आमच्या आळीत पहिली मारुती आणली ती डॉक्टरकाकांनी. साधारण १९८८ ची गोष्ट. पांढरी. सगळी आळी पाहायला आली. काकांनी चावी फिरवली आणि कोणी काहीच बोलेना. "काका, चालू करा की," शेवटी कोणीतरी म्हणाले. काका म्हणाले, "अरे, चालूच आहे!" तीन सिलिंडर, ७९६ सीसी, आणि आमच्या कानांना सवय फियाटची. आळीतल्या एका आजोबांनी बॉनेटवर हात ठेवून खात्री करून घेतली. मग त्यांनी बोटाने पत्र्यावर टिचकी मारली, कान देऊन ऐकले आणि निकाल दिला, "डबा आहे." ही बहुधा साताऱ्यातली पहिली क्रॅश टेस्ट असावी.

आजोबांचा निकाल खोटा नव्हता, पण अपुरा होता. त्या डब्याने काय केले ते पाहा. मोटार ही वडिलोपार्जित दागिन्यासारखी वस्तू होती, ती तिने मिक्सरसारखी केली. चावी फिरवली की चालू होणारी. थंडीत, पावसात, सासरे बरोबर असतानासुद्धा. ज्या बायका ॲम्बॅसडरच्या स्टिअरिंगला हात लावायला धजल्या नसत्या त्या हिला शिकल्या. पार्ट तालुक्याला मिळू लागले, आणि ज्या गावात डॉक्टर नव्हता तिथे मारुतीचा मेकॅनिक होता. गुडगावच्या त्या कारखान्यात म्हणे साहेब आणि कामगार एकाच रंगाचे कपडे घालत आणि एकाच कँटीनमध्ये जेवत. ही जपान्यांची शिकवण. आमच्या शाखेत मॅनेजरसाहेबांचा चहा आजही बशीतून येतो आणि आमचा कागदी कपातून. तेव्हा हा मुद्दा मी फारसा ताणत नाही.

बाकीचा उतारा भराभर सांगतो. ओम्नी आली आणि हिंदी सिनेमातल्या खलनायकांची अपहरणाची सोय झाली. जिप्सी आली, झेन आली, २००० मध्ये अल्टो आली. २००३ मध्ये कंपनीचा शेअर १२५ रुपयांना निघाला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे विचारपूर्वक घेतला नाही. २०२४ मध्ये तो दहा हजारांच्या वर होता. या विषयावर घरी बोलणे बंद आहे.

आता नावेची बाजू.

जानेवारी २०१४ मध्ये मारुती ८०० चे उत्पादन थांबले. पेपरांनी हळहळून लेख लिहिले. मीही हळहळलो. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ग्लोबल एनकॅप नावाच्या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपटून पाहिल्याचा निकाल जाहीर केला. पाचही गाड्यांचे एअरबॅग नसलेले मॉडेल घेतले होते. मोठ्या माणसांच्या बचावासाठी पाचांपैकी शून्य तारे पाचही गाड्यांना. एकटी अल्टो नव्हती. टाटांची नॅनो होती, ह्युंदाईची आय-१० होती, फोर्डची फिगो होती, जर्मन पोलोसुद्धा होती. पण पोलो आणि फिगोचा सांगाडा शाबूत राहिला. पोलोने तर दोन एअरबॅग लावल्याबरोबर चार तारे मिळवले. अल्टोचा सांगाडा दुमडला. नुसत्या एअरबॅग लावून भागणार नाही, असे संस्थेने सांगितले. त्याच वर्षी स्विफ्टलाही शून्य. २०२० मध्ये एस-प्रेसोला पुन्हा शून्य, आणि तिच्यात तर ड्रायव्हरपुढे एअरबॅग होती.

कंपनीचे म्हणणे असे की आम्ही देशाचे सगळे नियम पाळतो. ते खरेच होते. नियमच नव्हते. नव्या मॉडेलांना आपटून पाहण्याचा कायदा आला २०१७ मध्ये, ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली २०१९ मध्ये. माझी टीका इथे आहे. जी कंपनी एका लिटरमागे अर्धा किलोमीटर वाढवण्यासाठी जीव टाकते, जिच्याकडे देशातल्या निम्म्या मोटारी होत्या, तिला कायद्याच्या आधी चार पावले चालणे अशक्य होते का? तिने ते केले नाही, कारण ते कोणी मागत नव्हते. गिऱ्हाइकाचे मन तिच्याइतके दुसऱ्या कोणी वाचले नसेल. ताऱ्यांवर लोक बोलू लागले तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये हिच कंपनी डिझायरला पाच तारे घेऊन आली आणि २०२५ मध्ये अल्टोतही सहा एअरबॅग बसवू लागली. म्हणजे येत होते. विचारले नव्हते.

आणि न विचारणाऱ्यांत मी होतो. २०१५ मध्ये, म्हणजे तो निकाल पेपरात वाचून वर्ष उलटल्यावर, मी अल्टो घ्यायला गेलो. स्टाफच्या व्याजदराने कर्ज, सगळे कागद माझ्याच हाताने भरलेले. सेल्समनने दोन कोटेशने पुढे ठेवली, एक साधे आणि एक एअरबॅगचे. मी फरक पाहिला. बँकेतल्या माणसाला फरक पाहण्याचीच सवय असते. "ते कोणी घेत नाही साहेब," तो म्हणाला, "मागवावे लागेल." कोणी घेत नाही! मध्यमवर्गीय माणसाला याहून मोठा दिलासा नाही. मी साधे घेतले. वाचलेल्या पैशांत सीटकव्हर बसवली, गाणी लावायचे यंत्र घेतले, आणि हिच्या आग्रहाखातर डॅशबोर्डवर छोटा पितळी मारुती. त्याला वेगळी गदा होती. ती चिकटवून घ्यावी लागली.

गाडीविषयी माझी तक्रार नाही. दहा वर्षे ती निमूटपणे चालली. गेल्या वर्षी मुलगी अठराची झाली, तिला लायसन्स मिळाले. पहिल्या दिवशी ती स्टिअरिंगवर बसली, आरसा नीट केला, आणि म्हणाली, "बाबा, मैत्रिणीच्या गाडीत इथे एअरबॅग लिहिलंय. आपल्यात कुठंय?"

"तेव्हा नव्हत्या," मी म्हणालो.

ती मागच्या वर्षांचे सगळे मोबाइलवर काढून बसते, हे माझ्या लक्षातच आले नाही. संध्याकाळी जेवताना तिने विचारले, "बाबा, होत्या की. किती पैसे वाचले होते?"

मी आकडा सांगितला. आमटी वाढता वाढता हिचा हात थांबला. पुढे कोणी काही बोलले नाही. गाडीचे पेट्रोल संपले की काय होते ते मला ठाऊक होते, पण घरातले संभाषण असे मध्येच बंद पडलेले मी पहिल्यांदा पाहिले.

दुसऱ्याच महिन्यात मी ती विकायला काढली. आणि तिथे या कंपनीची खरी पुण्याई कळते. दहा वर्षांची गाडी, नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली सकाळी, आणि दुपारच्या डब्यापर्यंत चार जण विचारून गेले. पाचवा आमच्या शाखेतला शिपाई. धाकटी दोन वर्षांची, थोरला सहाचा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टायर दाबले, बॉनेटवर टिचकी वाजवली आणि म्हणाला, "साहेब, किती देते?"

"वीस-बावीस," मी सवयीने म्हणालो. मग मला राहवेना. "हे बघ, आधीच सांगून ठेवतो. हिच्यात एअरबॅग नाही. एकही नाही. पत्रा पण तसाच. पोरं आहेत तुझी लहान, जरा थांबलास तर दुसरी एखादी..."

तो माझ्याकडे पाहून हसला. "साहेब, आत्ता मोटारसायकलवर चौघं जातो आम्ही. धाकटी पुढं टाकीवर. पाऊस लागला की माझ्या रेनकोटात घेतो तिला."

मला पुढे बोलता आले नाही. त्याने दार उघडून आत डोकावले. "सीटकव्हर भारी आहेत," तो म्हणाला. "आणि हा मारुती? काढून घेताय का?"

"राहू दे," मी म्हणालो.

ठरल्या किमतीतून मी पाच हजार कमी केले. का केले, ते हिला अजून सांगितलेले नाही.