उंदीर आधी उंदीरच असू द्या

मागच्या वेळी, इथे पनवेललाच, मर्ढेकरांची पिपातल्या उंदरांची कविता वाचून झाल्यावर आम्ही विचारलं होतं, डोळ्यांसमोर काय आलं? बहुतेकांचं उत्तर एकच: यंत्रयुगातला माणूस. आम्ही जरा हिरमुसलोच. कारण हे डोळ्यांसमोर आलेलं नव्हतं, गाइडमधून आलेलं होतं. अर्थात वर्गात वर्षानुवर्षं आम्हीही हेच उतरवून दिलंय, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

निघताना एक आजी थांबल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे उंदीर सापडला की पिंजरा तसाच पाण्याच्या पिपात बुडवायचे. ते काम माझ्याकडे असायचं. बुडबुडे थांबेपर्यंत मी तोंड फिरवून उभी राहायचे. तुम्ही वाचत होतात तेव्हा मला माझा हात आठवला."

त्या हाताने आम्हाला पंधरा दिवस सोडलं नाही. घरी जाऊन 'काही कविता' पुन्हा उघडलं. हा संग्रह १९४७ चा. त्याच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि मर्ढेकर निर्दोष सुटले, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तर आम्ही कवितेत तो हात शोधू लागलो. सापडेना. उंदीर मेलेत, पण मान पिरगाळणारं कुणी नाही. जगण्याची सक्ती आहे, मरण्याचीही आहे. सक्ती करणारा मात्र कुठेच दिसत नाही. आजींना निदान अपराधी वाटायला जागा होती. कवितेत तीही नाही. ही कविता आम्ही कितीदा शिकवली असेल, पण त्यातली ही उणीव कधी जाणवली नव्हती. आजींची आठवण कवितेशी जुळत नाही, आणि जिथे जुळत नाही तिथेच आम्हाला कविता दिसली.

एका तरुण मित्राला सकाळची सीएसएमटी लोकल आठवली. हेही खरंच. ओठांना ओठ लागलेत आणि ओढ कसलीच नाही, हे हार्बर लाइनवर रोज उभ्याने जाणाऱ्याला वेगळं समजावून सांगायला नको. फक्त एवढंच की लोकलमधला माणूस कुर्ल्याला उतरू शकतो.

मर्ढेकर स्वतः समीक्षक. 'भावनानिष्ठ समतानता' हा त्यांचाच शब्द, परीक्षेत घाम फोडणारा. साध्या भाषेत, वरवर काही साम्य नसलेल्या दोन गोष्टी एका भावनेने जोडल्या जातात. म्हणजे उंदीर म्हणजे माणूस, असं गणित नव्हे. उंदीर उंदीरच राहतो आणि आपल्या पोटात काहीतरी हलतं.

त्याच कवितेतलं बेकलाइट घ्या. जुन्या वाड्यातली विजेची काळी बटणं आठवतात? रेडिओचे खोकेही त्याचेच, आणि मर्ढेकर नोकरीला आकाशवाणीत. बेकलाइट एकदा घट्ट झालं की कितीही तापवा, वितळत नाही. आणि कवितेत हे बेकलाइट येतं ते मधाच्या पोळ्याला चिकटून! पोळं आहे, ओठांवर आहे, पण त्यातून थेंब पाझरायचा नाही. हे ज्याने ते बटण बोटाने दाबलंय त्याला आमच्याआधी कळेल. आजच्या मुलांना बेकलाइट दाखवावं लागेल, म्हणून आम्ही एक जुनं बटण पिशवीतून आणलंय. हातोहात पुढे द्या.

आता कविता पुन्हा वाचू. वाचून झाल्याबरोबर 'यंत्रयुग' म्हणेल त्याला आज चहा नाही.