सातबारा कुणाच्या नावावर?

यूकेत नवीन असताना ऑफिसात नाहीतर युनिव्हर्सिटीच्या हॉलच्या किचनमध्ये तुम्हालाही कुणीतरी विचारलं असेल, ‘तुझी टीम कुठली?’ ‘आम्ही क्रिकेटवाले’ असं म्हणून सुटका होत नाही. मग आपण लिव्हरपूल नाहीतर आर्सेनल असं काहीतरी सांगून मोकळे होतो. गेल्या दोनतीन वर्षांत मात्र आपल्यातले बरेच जण वेगळंच नाव घेऊ लागलेत : रेक्सम. वेल्सच्या ईशान्य कोपऱ्यातलं, एकेकाळी कोळसा आणि पोलादावर जगणारं गाव. त्यातल्या बहुतेकांनी रेक्सम पाहिलेलं नाही. पाहिलीय ती मालिका.

‘वेलकम टू रेक्सम’ ऑगस्ट २०२२ मध्ये आली. गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकेल्हेनी हे दोन नट फेब्रुवारी २०२१ मध्ये पाचव्या पायरीवर अडकलेला एक जुना क्लब घेतात. क्लब २०२३, २०२४ आणि २०२५ असा लागोपाठ तीन वर्षं वर चढतो आणि दुसऱ्या पायरीवर पोचतो. इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या पाच पायऱ्यांत असं आधी कुणालाच जमलं नव्हतं. एवढी तयार गोष्ट लेखकाला सुचली असती, तर आपणच म्हटलं असतं, ‘जरा जास्तच होतंय.’

मालिका चांगली आहे, हे आधीच सांगते. सर्वांत चांगली ती मैदानाबाहेर आहे. पबचा मालक, स्वयंसेवक, नोकरी सांभाळून खेळणाऱ्या बायकांचा संघ, ही माणसं ती घाई न करता दाखवते. ग्रेसफर्डच्या खाणीचं प्रकरणही ती टाळत नाही. २२ सप्टेंबर १९३४ च्या पहाटे तिथे स्फोट झाला आणि २६६ माणसं गेली. त्या शनिवारी दुपारी रेक्समचा ट्रॅनमियरशी सामना होता. तो बघता यावा म्हणून अनेकांनी पाळ्या बदलून रात्रीचं काम घेतलं होतं, असं गावात आजही सांगतात. हे कळल्यावर तिथली ९० मिनिटं तुम्ही वेगळ्या नजरेनं बघता.

माझी तक्रार वेगळी आहे. इतिहास म्हणून ही मालिका गोष्ट चुकीच्या ठिकाणी सुरू करते. तिच्या हिशेबात आधी अंधार असतो, मग दोन माणसं येतात आणि उजेड पडतो. ती दोन माणसं मालिकेचे कार्यकारी निर्मातेही आहेत, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे एखाद्या देवळाचा इतिहास जीर्णोद्धार करणाऱ्या शेठजींनीच छापून घेतला, तर त्यात जीर्णोद्धाराला किती पानं मिळतील? तसंच हे आहे. खोटं काही नाही, पण पानांची वाटणी बघा.

आता मालिकेत ज्याला पुरेशी पानं मिळाली नाहीत तो भाग. क्लब १८६४ चा. रेसकोर्स मैदानावर वेल्सने पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८७७ मध्ये खेळला आणि तिथे आजही सामने होतात. आदल्या हंगामात लीगमध्ये अगदी तळाला राहिलेल्या याच क्लबने जानेवारी १९९२ मध्ये एफए कपात तेव्हाच्या लीगविजेत्या आर्सेनलला २-१ असं हरवलं. हे सगळे जुने पराक्रम. पण २००२ नंतरच्या गोष्टीत मुख्य पात्र खेळाडू नाहीत, मुख्य पात्र आहे जमीन. मैदान क्लबपासून सुटं करून मालकाच्या दुसऱ्या कंपनीकडे गेलं. गावाच्या मध्यावर, स्टेशनला लागून असलेली ती जागा. तिथे बांधकाम करायचा बेत होता. डिसेंबर २००४ मध्ये कर्जबाजारी क्लब प्रशासकाच्या हाती गेला आणि नव्या नियमाप्रमाणे त्याचे १० गुण कापले गेले. हा दंड बसलेला लीगमधला तो पहिला क्लब. तेवढे गुण असते तर रेक्सम त्या हंगामात घसरलं नसतं. न्यायालयाने पुढे जमिनीचा तो व्यवहार चुकीचा ठरवला, पण घसरगुंडी थांबली नाही. २००८ मध्ये क्लब लीगमधूनच बाहेर पडला.

मग २०११ चा ऑगस्ट. पुढच्या हंगामात खेळायचं असेल तर २,५०,००० पौंडांची हमी भरा, असं क्लबला सांगण्यात आलं. तिजोरीत खडखडाट. तेव्हा चाहत्यांनी एका दिवसात १,००,००० पौंडांहून जास्त रक्कम उभी केली. याला मराठीत एकच शब्द आहे : वर्गणी. त्याच वर्षी चाहत्यांच्या ट्रस्टने क्लब ताब्यात घेतला. प्रत्येक सभासदाला एक मत. मैदान तोवर तिथल्या विद्यापीठाने विकत घेतलं होतं; २०१६ मध्ये ट्रस्टने ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळवलं. दहा वर्षं हा कारभार चालला, कंटाळवाण्या बैठका आणि हिशेबाच्या वह्यांच्या जोरावर. क्लब वर चढला नाही, पण मेलाही नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये दोन नटांचा प्रस्ताव आला तेव्हा हो म्हणणारेही हेच सभासद होते. मतदानात ९८.६ टक्के बाजूने. म्हणजे ‘सुटका’ करून घेण्यासाठी क्लब जिवंत ठेवला होता तो त्यांनी. जमिनीची पूर्ण मालकी क्लबने विद्यापीठाकडून परत घेतली ती २०२२ मध्ये. कुठल्याही गोलापेक्षा ती बातमी मोठी होती, पण जमिनीची कागदपत्रं कॅमेऱ्यात काही नाट्यमय दिसत नाहीत.

तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला ना, मग पानं का मोजायची? मोजायची ती बरीसाठी.

बरी हे मँचेस्टरच्या उत्तरेचं गाव. १८८५ चा क्लब, आणि तेव्हापासून त्याचं घर एकच : गिग लेन. लीगमध्ये १८९४ पासून. एफए कप दोनदा, १९०० आणि १९०३. दुसऱ्या वेळी अंतिम सामन्यात डर्बीला ६-० असं हरवलं. त्या फरकाची बरोबरी व्हायला २०१९ साल उजाडावं लागलं. या क्लबलाही ‘वाचवणारा’ भेटला होता. डिसेंबर २०१८ मध्ये नव्या मालकाने तो १ पौंडाला घेतला. आधीच्या काळात ऐपतीबाहेर पगार देऊन संघ उभा केलेला, मैदान गहाण पडलेलं. २०१९ च्या वसंतात, पगार थकलेले असतानाही, खेळाडूंनी तिसऱ्या पायरीवर बढती मिळवली. त्या दिवसाचं चित्रण केलं असतं तर हुबेहूब रेक्समसारखं दिसलं असतं : मैदानात घुसलेली गर्दी, खांद्यावर पोरं, रडणारी म्हातारी माणसं.

२७ ऑगस्ट २०१९ ला, मंगळवारी, शेकडो लोक झाडू, बादल्या आणि फडकी घेऊन गिग लेनवर आले. क्लब विकला जातोय आणि शनिवारी सामना होईल अशी आशा होती. खुर्च्या पुसल्या, गवत काढलं. संध्याकाळी पाच वाजता मुदत संपली, आणि त्याच रात्री लीगने बरीला काढून टाकलं. १९९२ नंतर लीगमधून असा क्लब पहिल्यांदाच गेला.

रेक्सम आणि बरी शेजारी ठेवून पाहा. प्रेमात फरक नाही, इतिहासातही नाही, वर्गणी देणाऱ्या आणि झाडू मारणाऱ्या हातांतही नाही. दोन्हीकडे क्लब एका खाजगी माणसाच्या हाती गेला. एकीकडे तो माणूस चांगला निघाला. चांगला माणूस भेटणं हे नशीब झालं. त्याला व्यवस्था म्हणता येत नाही. मालिका या नशिबाला स्वभाव म्हणून विकते : प्रेमळ मालक, म्हणून यश. आणि ती बघून जगभरातले छोटे क्लब आपापल्या रेनॉल्ड्सची वाट बघत बसतात.

इथे आपल्या दारातली गोष्टही सांगायला हवी. बरीपासून फार लांब नसलेल्या ब्लॅकबर्नमध्ये तुम्ही पुण्याचे आहात म्हणालात, तर फुटबॉलवाला माणूस क्षणभर थबकतो. १९९५ चा लीगविजेता ब्लॅकबर्न रोव्हर्स नोव्हेंबर २०१० पासून पुण्याच्या वेंकीजकडे आहे. २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून घसरला, २०१७ मध्ये तिसऱ्या पायरीवर आला, २०१८ मध्ये पुन्हा वर चढला. वर्षानुवर्षं तोटा मालकच भरत आले, हेही खरं. आणि मालक लांब आहेत, कुणाला विचारावं कळत नाही, ही चाहत्यांची तक्रारही खरी. ‘परदेशी मालक’ हे याचं उत्तर नाही. रेक्समचे मालकही परदेशीच आहेत. ब्लॅकबर्नच्या चाहत्यांनी चिडून घोषणा दिल्या तेव्हा आपल्याला उगाचच टोचलं असेल, कारण गाव आपलं. पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. उद्या तुमच्या पेठेचं मंडळ कुणी समुद्रापलीकडच्या माणसाने घेतलं, तर?

‘घेतलं तर’ हे वाक्यच आपल्याला विचित्र वाटतं, आणि तिथेच मुद्दा आहे. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरतं. संघ पेठेचा असतो. तालमीत आधी कुस्ती होती, मग फुटबॉल आला. आखाड्याची माती आणि फुटबॉलचे बूट एकाच नावाखाली. तिथे भांडणं आहेत, राजकारण आहे, पैशाची तंगी आहे. उगाच गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण पाटाकडील तालीम १ पौंडाला विकायला काढलीय, असं वाक्य मराठीत नीट उभंच राहत नाही. आपल्याकडे त्यासाठी ‘सार्वजनिक’ हा शब्द आहे. इंग्लंडमधला छोटा क्लब भावनेनं सार्वजनिक असतो आणि कागदावर खाजगी. त्या दोहोंमधल्या फटीत बरी पडली.

हे तुम्हाला लंडनमध्येही तपासता येईल. १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची डॉलिस हिलमध्ये स्वतःची वास्तू आहे. गणपतीला तिथे पुरणपोळी खाताना जमिनीचे कागद कुणाला आठवतात? पण छप्पर सभासदांचं असल्यामुळेच पुढच्या वर्षीचा गणपती कुठे बसणार, हा प्रश्न पडत नाही.

बरीच्या माणसांनाही हेच उमगलं. काहींनी २०१९ मध्येच चाहत्यांच्या मालकीचा नवा क्लब काढला आणि दुसऱ्या गावाच्या मैदानावर, दहाव्या पायरीपासून सुरुवात केली. दुसऱ्या गटाने सरकारी निधीची मदत मिळवून २०२२ मध्ये गिग लेन विकत घेतलं. आता एका गावात एक गट मैदानाचा आणि एक गट संघाचा. दोन गटांचं पटेना. हे आपल्याला नवीन नाही! एकत्र येण्यासाठीच्या पहिल्या मतदानात पुरेसं बहुमत मिळालं नाही. २०२३ मध्ये दुसऱ्यांदा मतदान झालं, जमलं, आणि बरी एफसी या नावाने सामने गिग लेनवर परतले, नवव्या पायरीवर. २०२५ मध्ये त्यांनी ती लीग जिंकून आठवी गाठली. याच वर्षी जुलैमध्ये फुटबॉलच्या कारभारावर नवा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. वरच्या पाच पायऱ्यांतल्या क्लबांना आता मैदान विकायचं किंवा हलवायचं असेल, तर आधी त्याची परवानगी लागते. तिथवर पोचायला एक १३४ वर्षांचा क्लब जावा लागला.

बरीच्या या सहा वर्षांवरही मालिका निघू शकते. तिच्यात नट नसतील, बैठका असतील. घटनेच्या कलमांवर वाद घालणारी, एकमेकांशी न बोलणारी, तरी शनिवारी एकाच गेटातून आत जाणारी माणसं असतील. माझ्या मते छोट्या क्लबचा खरा इतिहास तोच आहे. ‘वेलकम टू रेक्सम’ त्याच्या दारापर्यंत अनेकदा जाते आणि मालकांचा फोन वाजला की परत फिरते.

तेव्हा मालिका बघा, जरूर बघा. पण या हिवाळ्यात एका शनिवारी तुमच्या शहरातल्या खालच्या पायरीवरच्या क्लबच्या सामन्यालाही जा. तिकीट स्वस्त असतं, चहा गरम असतो, आणि मध्यंतरात शेजारचे आजोबा आपणहून बोलायला लागतात. १९६० सालचा कुठला तरी गोल ते तुम्हाला सांगतीलच, तो ऐका. मग हळूच विचारा, ‘आजोबा, हे मैदान कुणाच्या नावावर आहे?’ ते उत्तर देताना किती वेळ लावतात, ते बघा.