मुख, लिंग आणि संबोधन

१

एरिक प्लेमन्स यांचा ‘द लुक ऑफ अ वुमन’ हा ग्रंथ २०१७ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. पारलिंगी स्त्रियांच्या चेहऱ्यावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांचा हा मानवशास्त्रीय अभ्यास होय. शस्त्रवैद्याची पहिली भेट, प्रत्यक्ष शस्त्रक्रिया आणि नंतरचा विश्रांतीचा काळ, असा त्यातील निरीक्षणांचा क्रम आहे. विषय वैद्यकाचा असला तरी ग्रंथाचा मध्यवर्ती प्रश्न भाषाभ्यासकाच्या कक्षेत येतो. एखादी व्यक्ती स्त्री आहे हे कोण ठरवितो, आणि तो निर्णय कोणत्या रूपाने प्रकट होतो, हा तो प्रश्न. प्लेमन्स यांचे उत्तर इंग्रजी भाषिकांच्या व्यवहारातून घडले आहे. ते मराठीच्या कसोटीवर कितपत उतरते, हे तपासणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर वा मुलुंड येथे राहून असा निर्णय करू पाहणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने या तपासणीला व्यावहारिक महत्त्वही आहे.

या शस्त्रक्रियेचा उगम १९८० नंतरच्या दशकातील सॅन फ्रान्सिस्को येथे सापडतो. डग्लस ऑस्टरहाउट हे कवटी व चेहरा यांतील विकृती दुरुस्त करणारे शस्त्रवैद्य होते. जननेंद्रियांवरील शस्त्रक्रिया झाल्यानंतरही चेहऱ्यामुळे लोक आपणांस पुरुषच समजतात, ही तक्रार त्यांच्यापर्यंत आली. स्त्रीची व पुरुषाची कवटी कोठे भिन्न असते हे जाणून घेण्यासाठी ते शारीर मानवशास्त्रातील मोजमापांकडे वळले. कपाळाच्या स्त्रीकरणावरील त्यांचा निबंध १९८७ साली प्रसिद्ध झाला. प्लेमन्स यांचे प्रतिपादन असे की, या वैद्यकाने लिंगनिश्चितीचे स्थान जननेंद्रियांवरून चेहऱ्याकडे, म्हणजे खाजगी अवयवाकडून सार्वजनिक अवयवाकडे हलविले. समोरच्या माणसाने स्त्री म्हणून ओळखणे हेच येथे शस्त्रक्रियेचे फलित ठरते.

२

हे प्रतिपादन मराठीत मांडू गेल्यास पहिली अडचण ‘लिंग’ या शब्दापाशीच येते. जननेंद्रिय, स्त्रीपुरुषभेद आणि व्याकरणातील कोटी हे तिन्ही अर्थ मराठीत हा एकच शब्द वाहतो. २०१८ साली बीड जिल्ह्यातील एका पोलीस शिपायाची शस्त्रक्रिया मुंबईत झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी ‘लिंगबदल’ हाच शब्द योजिला. त्यातील ‘लिंग’ वाचकांच्या मनात पहिल्या अर्थाशी जोडलेले राहते. म्हणून कपाळ, जबडा वा हनुवटी यांवरील शस्त्रक्रिया ‘लिंगबदला’त मोडते असे सहसा कोणास वाटत नाही. ती हौसेत वा सौंदर्यप्रसाधनात गणली जाते. वास्तविक चेहरा बदलल्याने जे बदलू शकते ते तिसऱ्या अर्थाचे लिंग होय. अनोळखी माणूस कोणते संबोधन, कोणते सर्वनाम योजील, हे त्यावर अवलंबून राहते. प्लेमन्स यांचा मुख्य सिद्धांत मराठीच्या एका शब्दातच अशा रीतीने बीजरूपाने दडलेला आहे, असे म्हणता येईल.

३

तथापि येथूनच त्यांच्या सिद्धांताची मर्यादाही दिसू लागते. इंग्रजीत ‘मी’ आणि ‘तू’ यांच्याशी येणाऱ्या क्रियापदावर लिंगाची खूण नसते. ती तृतीय पुरुषी सर्वनामात असते. त्यामुळे लिंगनिश्चिती ही त्या व्यक्तीविषयी इतरांनी करावयाची गोष्ट ठरते, आणि साहजिकच चेहरा हा तिचा प्रधान आधार होतो. मराठीची व्यवस्था याहून गुंतागुंतीची आहे.

प्रथम पुरुषी रूपे पाहावी. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’, ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांत बोलणारी व्यक्ती स्वतःचे लिंग स्वतःच उच्चारते. मात्र ‘मी जाईन’, ‘मला जायचे आहे’, ‘मी जात नाही’, ‘मी चहा घेतला’ या वाक्यांत ते प्रकट होत नाही. ज्या व्यक्तीला अजून उघड बोलावयाचे नाही, तिला मराठीत बराच वेळ आडोशाने बोलता येते. आणि ज्या दिवशी ती ‘मी आले’ म्हणते, त्या दिवशी कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वीच एक निवेदन पूर्ण झालेले असते. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाच्या ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ या नावात क्रियापदच नाही. पुल्लिंगी नाम आणि स्त्रीलिंगी विशेषनाम एकाच ‘मी’पुढे शेजारी येतात, आणि दोहोंतून निवड करण्याची सक्ती व्याकरण करीत नाही.

प्रथम पुरुषातील ही खूण स्त्रीत्वाचा पुरावा आहे असेही नव्हे. कोल्हापूरकडच्या स्त्रिया ‘मी येतो’, ‘मी जातो’ असे सहज बोलतात. त्यांच्या स्त्रीत्वाविषयी तेथे कोणी शंका घेत नाही. पारलिंगी स्त्रीच्या तोंडून मात्र सवयीने एकदा ‘गेलो’ निसटले की तोच पुरावा म्हणून धरला जातो. एकच रूप एकीच्या बाबतीत बोलीचा विशेष ठरते, दुसरीच्या बाबतीत कबुली.

द्वितीय पुरुषाचा विचार याहून महत्त्वाचा आहे. ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ यांत लिंगभेद स्पष्ट आहे. ‘तुम्ही आलात’ यात तो नाही. ‘तू’ हे घरचे, मैत्रीचे, वडीलधाऱ्यांचे सर्वनाम. ‘तुम्ही’ हे अनोळखी माणसाचे वा आदराचे. म्हणजे जेथे माणूस ओळखीचा आहे तेथे मराठी लिंग ठळकपणे उच्चारावयास लावते, आणि जेथे अनोळखी आहे तेथे क्रियापदापुरती मोकळीक देते. गाडीच्या डब्यात ‘तुम्ही कुठे उतरणार?’ या प्रश्नात लिंग नाही. ते प्रकट होते ‘ताई’, ‘मावशी’, ‘दादा’, ‘काका’ या संबोधनांत. उपनगरांतील संभाषण हिंदीकडे वळले, तर प्रमाण हिंदीतील ‘उतरेंगे’ आणि ‘उतरेंगी’ यांत आदरार्थी क्रियापदही लिंग सांगते. घाटकोपरच्या गुजराती वस्तीत ‘बेन’ की ‘भाई’ हे पहिल्या नजरेतच ठरते.

यातून एक निष्कर्ष निघतो. अनोळखी माणूस संबोधन निवडतो ते बहुधा चेहरा पाहून. तेथे शस्त्रक्रियेची पोच आहे. आई मात्र मुलाला ‘आलास’ म्हणते ती चेहरा पाहून नव्हे, स्मरणातून. ते ‘आलास’ ‘आलीस’ होण्यासाठी बदल बोलणारीच्या मनात व्हावा लागतो. जबड्याचे हाड कितीही कुशलतेने घासले तरी तो त्यायोगे होत नाही. ओळख ही एकच घटना आहे असे प्लेमन्स यांच्या विवेचनावरून वाटते. मराठी दाखविते की त्या दोन आहेत.

४

पर्यायांची निवड करताना हा भेद उपयोगी पडावा. चेहऱ्याचे स्त्रीकरण ही एक शस्त्रक्रिया नसून अनेकांचा समूह आहे. भुवईवरील उंचवट्यामागे हाडात पोकळी असते; उंचवटा थोडा असेल तर तो घासता येतो, अधिक असल्यास पोकळीची पुढील भिंत कापून मागे बसवावी लागते. केसांची रेषा पुढे आणणे, नाक लहान करणे, वरचा ओठ व नाक यांतील अंतर कमी करणे, जबड्याचे कोन व हनुवटी निमुळती करणे, कंठमणी कमी करणे हे अन्य पर्याय होत. स्त्रीसंप्रेरकांनी त्वचा व चरबीची ठेवण बदलते, परंतु प्रौढ हाड बदलत नाही. म्हणूनच शस्त्राची गरज भासते. धोकेही आहेत. जबडा व हनुवटी यांवरील शस्त्रक्रियेत खालच्या ओठाची संवेदना मंदावू शकते. कंठमण्याच्या आतील बाजूस स्वरतंतू जोडलेले असल्याने तेथे अधिक छाटणी झाल्यास आवाजास इजा पोहोचू शकते. कापलेले हाड पूर्ववत करता येत नाही.

या पर्यायांची निवड बहुधा ‘चेहऱ्यात पुरुषी काय आहे?’ या प्रश्नाने सुरू होते. या प्रश्नाला अंत नाही, कारण मोजमापांतील सरासरी ही समूहाची असते. कोणत्याही एका स्त्रीचा चेहरा सरासरीइतका नसतो. त्याऐवजी ‘चुकीचे संबोधन कोठे, कोणाकडून आणि कोणत्या क्षणी येते?’ हा प्रश्न अधिक उपकारक आहे. अंधेरीच्या फलाटावर एक शब्दही बोलण्यापूर्वी ते येत असेल, तर कपाळ व जबडा यांचा विचार सयुक्तिक ठरतो. दूरध्वनीवर येत असेल, तर चेहऱ्याचा संबंध नाही. वयात येताना खाली गेलेला आवाज संप्रेरकांनी वर येत नाही. तेथे स्वरोपचार हवा. कार्यालयात नाव पुकारले गेल्यावर येत असेल, तर कागदपत्रांचा प्रश्न आहे. घरात येत असेल, तर त्यावर शस्त्रवैद्याकडे उपाय नाही, आणि ही गोष्ट शस्त्रक्रियेनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

५

प्लेमन्स यांच्या ग्रंथाचे मोल यामुळे उणावत नाही. चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेला हौस म्हणणाऱ्यांना त्यांनी दिलेले उत्तर सबळ आहे. दिवसातून अनेकदा चुकीच्या संबोधनाला तोंड देणे ही किरकोळ पीडा नव्हे. महिलांच्या डब्यात पाऊल ठेवताना तर त्यात सुरक्षिततेचाही प्रश्न असतो. परंतु ओळखीचा सर्व भार चेहऱ्यावर टाकल्यास, ज्यांना ही खर्चिक शस्त्रक्रिया परवडत नाही वा नको आहे, त्यांचे स्त्रीत्व अपुरे ठरण्याची भीती आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजीच्या निकालात लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेची अट घालणे अनैतिक व बेकायदेशीर ठरविले होते. त्या निकालाने जे तत्त्व सरकारी कागदासाठी मांडले, ते बोलण्याच्या व्यवहारालाही लागू पडते. ‘मी आले’ हे वाक्य ऐकल्यावर ‘आलीस का?’ असे उत्तर देण्यास मराठी व्याकरणाची कोणतीही आडकाठी नाही. ते देणे वा न देणे हे सर्वस्वी ऐकणाऱ्याच्या हाती आहे, आणि त्याला शस्त्रक्रियेची वाट पाहावी लागत नाही.