लाल कोट, हिरवा चौकोन

मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ हा आल्बम नोव्हेंबर 1982 मध्ये आला. त्याच्या कव्हरवर पांढऱ्या सुटातला, आडवा रेललेला, सौम्य चेहऱ्याचा जॅक्सन आहे. त्याच नावाच्या गाण्याचा जॉन लँडिसने केलेला चौदा मिनिटांचा व्हिडिओ डिसेंबर 1983 मध्ये, म्हणजे वर्षभरानंतर आला. त्यात लाल चामड्याचं जॅकेट, स्मशान आणि मुडद्यांचा नाच आहे. कव्हर आणि व्हिडिओ शेजारी ठेवले तर दोन्ही एकाच मालाचे आहेत हे सांगूनही पटणार नाही. तरीही हा आल्बम जगात सर्वाधिक खपलेल्यांपैकी एक ठरला, आणि लोकांच्या मनात राहिलं ते लाल जॅकेट. आज एखाद्या मोठ्या गायिकेच्या चमूने असं काही केलं तर त्याला गलथानपणा म्हणतील. आता पहिलं गाणं बाहेर पडण्याआधीच रंग, अक्षरं, केशरचना, पोस्टर, टीझर, रंगमंच आणि विकायचे टी-शर्ट हे सगळं एका कागदावर ठरलेलं असतं. या चाळीस वर्षांत पॉप संगीताच्या दृश्य बाजूची एक वेगळीच कला तयार झाली. तिची कारागिरी वाढली यात वाद नाही. मात्र तिचं मुख्य मूल्य, म्हणजे सुसंगती, बहुतेकांनी फार उथळपणे घेतलं आहे असं माझं मत आहे.

या बदलामागे व्यवहार आहे. एमटीव्हीच्या काळात व्हिडिओ ही रेकॉर्डची जाहिरात होती. रेकॉर्ड विकली गेली की जाहिरातीचं काम संपलं. आज गाणं जवळजवळ फुकट ऐकायला मिळतं. मोठ्या कलाकारांची मुख्य कमाई दौऱ्यांतून आणि त्या दौऱ्यांत विकल्या जाणाऱ्या वस्तूंतून होते, आणि प्रेक्षकापर्यंत आल्बम अखंड असा पोचतच नाही. पोचतात ते तुकडे: पंधरा सेकंदांची रील, एक थंबनेल, पुरस्कार सोहळ्यातला एखादा क्षण. तुकडे पाहून माणसाने ‘हे तिचंच’ असं ओळखावं ही गरज खरी आहे. पण ती गरज भागवायचा सोपा मार्ग म्हणजे सगळ्यावर एकच रंग फासणं. हल्ली लग्नात पत्रिकेपासून वऱ्हाडाच्या फेट्यांपर्यंत एकच रंग असतो, आणि त्यावरून नवरा-नवरी कशी माणसं आहेत हे काही कळत नाही. पॉपमधल्या बऱ्याच मोहिमांचं तसंच झालं आहे. खरी सुसंगती दिसण्यात नसते, ती एका नियमात असते. या जगात काय घडू शकतं आणि काय कधीच घडणार नाही, हे ठरवणारा तो नियम एकदा पक्का झाला की रूप बदललं तरी ओळख टिकते. तो नियम नसेल तर रूप कितीही जुळवा, हाती फक्त गणवेश लागतो.

याचं सर्वांत भक्कम उदाहरण म्हणून मी गायक द वीकेंडच्या ‘आफ्टर अवर्स’ या आल्बमाकडे पाहतो. नोव्हेंबर 2019 ते फेब्रुवारी 2021 एवढा काळ ही मोहीम चालली. वरवर पाहिलं तर तिची खूण म्हणजे लाल कोट. ‘हार्टलेस’च्या व्हिडिओत तो कोट लास व्हेगासच्या जुगारघरांत फिरतो. ‘ब्लाइंडिंग लाइट्स’मध्ये तो घालणारा माणूस मार खातो आणि रक्ताळलेल्या तोंडाने रस्त्यावर नाचतो. मार्च 2020 मध्ये आल्बम आला तेव्हा कव्हरवर तेच रक्ताळलेलं तोंड हसत होतं. नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सला तो पूर्ण चेहरा बँडेजमध्ये गुंडाळून आला. जानेवारी 2021 मध्ये ‘सेव्ह युवर टियर्स’च्या व्हिडिओत बँडेज उतरलं, आणि आत प्लॅस्टिक सर्जरीने सुजलेला, ओळखू न येणारा चेहरा निघाला. अर्थात तो रंगभूषेचा होता. फेब्रुवारीत सुपर बोलच्या मैदानावर तेच लाल कोट आणि तीच बँडेजं घातलेल्या नर्तकांचा जथाच उतरला, आणि त्याचा स्वतःचा चेहरा मात्र स्वच्छ होता.

कोट ही इथे निव्वळ मोजपट्टी आहे. कपडा तोच राहतो म्हणून देहाची होत जाणारी दुर्दशा दिसते. या जगाचा नियम एवढाच की प्रत्येक रात्रीचा हिशेब शरीराला चुकवावा लागतो, आणि पुढच्या वेळी तो माणूस दिसेल तेव्हा मागची जखम अंगावर असेल. म्हणून चेहरा झाकणं, जे कुठल्याही ब्रँड सल्लागाराला आत्मघात वाटेल, इथे ब्रँडला अधिक घट्ट करतं. कव्हर, व्हिडिओ आणि पुरस्कार सोहळा यांची कामं वेगळी आहेत हेही लक्षात घेण्यासारखं आहे. कव्हर प्रश्न विचारतं: हे रक्त कसलं आणि हा हसतो का? व्हिडिओ त्याचं अर्धं उत्तर देतो. सोहळ्यातलं बँडेज नवा प्रश्न निर्माण करतं. तिन्ही ठिकाणी एकच चित्र छापलं असतं तर ओळख झाली असती, उत्सुकता उरली नसती. महासाथीमुळे त्या वर्षी दौरा निघू शकला नाही हा योगायोगही विसरता येत नाही. जे रंगमंचावर खर्ची पडलं असतं ते दूरचित्रवाणीच्या पडद्यावर हप्त्याहप्त्याने आलं आणि गोष्टीला फावलं.

गायिका चार्ली एक्ससीएक्सच्या ‘ब्रॅट’ या आल्बमाने (जून 2024) उलट्या दिशेने तेच सिद्ध केलं. कव्हरवर चेहरा नाही, छायाचित्र नाही. डोळ्यांना टोचेल असा पोपटी-हिरवा चौकोन, आणि त्यावर लहान लिपीतलं, मुद्दाम फुटल्यासारखं दिसणारं एक नाव. चेहरा का नाही असं चाहत्यांनी विचारलं तेव्हा तिने बाईच्या चेहऱ्यावर आणि देहावर लोकांनी हक्क सांगण्याची ही सवयच कंटाळवाणी आहे अशा अर्थाचं उत्तर दिलं. पुढे तिने आपल्या जुन्या आल्बमांची कव्हरंही स्ट्रीमिंगवर त्याच पठडीत बदलून टाकली. ब्रुकलिनमधली एक भिंत हिरवी रंगली आणि तिच्यावरची अक्षरं बदलत राहिली. इथवर हे ‘एकच रंग फासा’ या शाळेचं आदर्श उदाहरण वाटेल. पण व्हिडिओ पाहा. ‘व्हॉन डच’ पॅरिसच्या विमानतळावर चित्रित झाला आहे, आणि त्यात ती कॅमेऱ्याच्याच अंगावर धावून जाते. ‘360’मध्ये इंटरनेटवर गाजलेल्या बायका एकत्र बसून आपल्यात नवी कुणाला घ्यायची याची चर्चा करतात. दोन्हींची ओळख हिरव्या रंगावर उभी नाही. त्यांना जोडतो तो एक उर्मट आत्मभान असलेला स्वभाव: मी नटणार नाही, आणि न नटणं हीसुद्धा एक पोझ आहे हे मला ठाऊक आहे. कव्हर हा त्या स्वभावाचा एक अवतार आहे, व्हिडिओ दुसरा.

इथे एक आक्षेप रास्त आहे. जुलै 2024 मध्ये कमला हॅरिस यांच्या प्रचार यंत्रणेने हाच हिरवा रंग आणि हीच अक्षरं समाजमाध्यमांवर उचलली. जी ओळख कुणीही दोन मिनिटांत उचलू शकतो ती ओळख कसली? पण त्या प्रचाराच्या हाती काय लागलं ते पाहायला हवं. रंग लागला, टंक लागला. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला उद्धट होऊन चालत नाही, त्यामुळे स्वभाव हाती लागला नाही. उसनवारीने ‘ब्रॅट’चं काही बिघडलं नाही, उलट त्यातलं उचलता येण्याजोगं काय आणि न येण्याजोगं काय हे वेगळं झालं. जॉय डिव्हिजनच्या ‘अननोन प्लेझर्स’वरच्या (1979) पल्सारच्या लहरींचं दैव याहून वाईट निघालं. पीटर सॅव्हिलने रचलेल्या त्या कव्हरचा टी-शर्ट घालणाऱ्या अनेकांनी त्यातलं एक गाणंही ऐकलेलं नसतं, आणि 2012 मध्ये डिस्नीने त्या लहरींना मिकी माऊसचा आकार देऊन शर्ट विकायला काढला होता. ‘ब्रॅट’ स्वस्तात झाला असाही समज आहे. कव्हर स्वस्त दिसतं हे खरं, पण त्यामागे मोठी कंपनी आणि कलाकाराची अनेक वर्षांची ओळख होती. नवख्याने तसा चौकोन काढला असता तर तो फाइल अपलोड करायला चुकला असंच वाटलं असतं.

सुसंगतीचा अतिरेक पाहायचा तर कोरियाकडे वळावं लागतं. बीटीएसने 2015 पासून अनेक व्हिडिओंतून एक सलग कथा रचली. घरातून निसटलेल्या, एकमेकांच्या आधाराने जगणाऱ्या मुलांची ती कथा त्यांच्या तेव्हाच्या गाण्यांतूनच उगवली होती, म्हणून ती पेलली. पुढे हा कारखाना झाला. एस्पा हा गट 2020 मध्ये आला तो प्रत्येक सदस्येच्या आभासी प्रतिरूपासह आणि ‘क्वांग्या’ नावाच्या जगाची परिभाषा घेऊन. गाणं समजायला आधी पोथी वाचावी लागते अशी ही अवस्था. एकच आल्बम अनेक आवृत्त्यांत आणि प्रत्येकात वेगळं फोटोकार्ड, ही त्याची बाजारी बाजू. इथे दृश्यांची जुळणी निर्दोष असते, आणि नेमकी म्हणूनच मला ती थकवते, कारण प्रत्येक तुकडा फक्त दुसऱ्या तुकड्याकडे बोट दाखवतो. टेलर स्विफ्टचं प्रत्येक आल्बमाला एक रंग देणं याच जातीचं, पण निरुपद्रवी. तो वर्तमानाचा ब्रँड नसून भूतकाळाची अनुक्रमणिका आहे, आणि ‘इराज’ दौऱ्यात तिचा उपयोग चोख झाला.

काही जण म्हणतील की हा सारा समीक्षकाचा चोखंदळपणा आहे. अंगठ्याने सरकवत जाणाऱ्या माणसापाशी नियम शोधायला वेळ नाही, त्याला रंगच दिसतो. हा युक्तिवाद पूर्ण खोडता येत नाही. ओळखीची खूण लागतेच, आणि लाल कोटही खूणच होता. फक्त खूण ही दाराची पाटी आहे, आणि पाटी रंगवण्यात सगळी ताकद घालवून आत खोलीच बांधायची राहते, असं आजचं सर्वसाधारण चित्र आहे. दुसरा आक्षेप जुना आणि अधिक मूलभूत आहे: ब्रँड ही साबणाची गोष्ट, कलावंताने तिच्या नादी का लागावं? याला 1989 चा एक प्रसंग चांगलं उत्तर देतो. मडोनाच्या ‘लाइक अ प्रेयर’ या गाण्यावर पेप्सीने कौटुंबिक, गोड जाहिरात केली. ती दाखवली गेली आणि दुसऱ्याच दिवशी त्याच गाण्याचा, जळते क्रूस आणि कृष्णवर्णीय संत असलेला व्हिडिओ आला. धार्मिक संघटनांचा गदारोळ झाला, पेप्सीने जाहिरात मागे घेतली आणि मडोनाने ठरलेले पन्नास लाख डॉलर ठेवून घेतले. एकाच गाण्याची दोन रूपं दोन वेगळ्या धन्यांनी ठरवली होती, म्हणून ती एकमेकांवर आदळली. दृश्यरूपाचा ताबा कलावंताने घेतला नाही तर ते रूपाशिवाय राहत नाही, ते दुसरा कुणी ठरवतो. म्हणून ब्रँड नको म्हणणाऱ्या कलावंताची सुटका होत नाही.

नियम पक्का असेल तर काही गाळताही येतं. जुलै 2022 मध्ये बियॉन्सेने ‘रेनेसान्स’ आणला. 2013 च्या आल्बमात तिने चौदा गाण्यांसाठी सतरा व्हिडिओ दिले होते, इथे गाण्यांचे व्हिडिओच काढले नाहीत. चाहते मागत राहिले, ते आले नाहीत. त्याऐवजी कव्हरवरचा चमकता घोडा होता, चांदी होती, आणि 2023 च्या दौऱ्यात तिने वाढदिवसाच्या सुमारास प्रेक्षकांनाच चंदेरी कपड्यांत यायला सांगितलं. हा आल्बम काळ्या, समलिंगी नृत्यघरांच्या संगीताला वाहिलेला आहे. तिथे नाच बघायचा नसतो, नाचायचा असतो. व्हिडिओ गाळणं हे त्या नियमातून आलं. डेव्हिड बोवीच्या ‘ब्लॅकस्टार’मध्ये (8 जानेवारी 2016) गाळलं गेलं ते खुद्द बोवीचं चित्र. जोनाथन बार्नब्रुकच्या कव्हरवर काळी चांदणी आहे. आल्बम आला आणि दोन दिवसांनी बोवी गेला. बार्नब्रुकने पुढे ती चिन्हं चाहत्यांना बिगरव्यापारी वापरासाठी खुली केली. ब्रँडच्या मालकीबद्दल इतकं उदार कुणी राहत नाही, पण इथे ते शोभलं.

आपल्याकडे हनुमानकाइंड या रॅपरने या बाबतीत सर्वांत स्पष्ट काम केलं आहे. ‘बिग डॉग्स’ (2024) हा बिजॉय शेट्टी दिग्दर्शित व्हिडिओ केरळातल्या पोन्नानीत, जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’त चित्रित झाला. 2025 मध्ये त्याच दिग्दर्शकाच्या ‘रन इट अप’मध्ये कुआँ नाही. तिथे कलारीपयट्टू, गतका, थांग-ता आणि महाराष्ट्रातला मर्दानी खेळ आहे. रंग जुळत नाही, जागा जुळत नाही. जुळतं ते एवढंच की धोका खरा असलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकलेली अंगकौशल्यं कॅमेऱ्यासमोर येतात आणि रॅपर त्यांच्या मधोमध उभा राहतो. दुसरा व्हिडिओ पाहताना पहिला आठवतो तो त्यामुळेच.

मराठीत ‘तांबडी चामडी’ (2024) हे क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं गाणं स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने काढलं आणि हाउस संगीतावर मराठी शब्द दूरवर पोचले. पण मराठी स्वतंत्र गाण्यांचा सर्वसाधारण व्यवहार वेगळाच आहे. गाणं एकेकटं निघतं, दिग्दर्शक दर वेळी नवा, पोस्टर करणारा तिसराच, आणि यूट्यूबचं चॅनेल बहुधा कंपनीचं. कोपऱ्यातला लोगो तिचा, थंबनेलवरची अक्षरं तिच्या पद्धतीची. त्यामुळे दहा वेगवेगळ्या गायकांची गाणी एकसारखी दिसतात आणि एकाच गायकाची दहा गाणी दहा जणांची वाटतात. सुसंगती तिथेही आहे, पण ती कंपनीची. रॅप करणारी मुलं बहुतेक स्वतःची चॅनेलं स्वतः चालवतात, आणि त्यांची चित्रं तांत्रिकदृष्ट्या कच्ची असली तरी कुणाची आहेत ते नाव न वाचता कळतं.