एका गाडीपुरती जागा

स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेचं नियमांचं पुस्तक चांगलंच जाडजूड आहे. सीटबेल्टची मुदत, चालकाभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याच्या नळ्यांची जाडी, टायरचं माप अशा तपशिलांनी ते खच्चून भरलेलं असतं. पण ट्रॅकवर एकमेकांशी कसं वागायचं याबद्दलचा मजकूर जेमतेम अर्ध्या पानात मावेल, आणि मला तोच त्या पुस्तकाचा प्राण वाटतो. त्याचा आशय असा: गाड्या एकमेकींना लागू न देणं हे चालकाचं काम. शेजारी आलेल्याला जागा सोडायची. किती? तर अटीतटीच्या लढतीत त्याला आपली गाडी ताब्यात ठेवता येईल इतकी, आणि तीही डांबरावर, गवतात नव्हे. पुढे काढायची की नाही हा निर्णय मागच्याचा, आणि तो सुखरूप तडीस नेणं हीही त्याचीच जबाबदारी. पुढच्याने एवढंच करायचं की आपल्याला कुणी गाठतंय याचं भान ठेवायचं आणि त्याची वाट अडवायची नाही.

हे वाचताना मला दर वेळी जाणवतं की इथे रस्त्याची मालकी कुणालाच दिलेली नाही. पुढे असलेल्याला वाटेल तसं आडवं जाण्याची मुभा नाही, आणि मागच्याला केवळ वेग जास्त म्हणून घुसण्याचा हक्क नाही. दोघांवर वेगवेगळी जबाबदारी टाकली आहे आणि दोघांनी ती सांभाळली तरच ओव्हरटेक नीट होतो. म्हणजे हौशी मोटारशर्यतीतला चांगला ओव्हरटेक ही एकट्याची करामत नसते. ज्याला मागे टाकलं तोही तिचा तेवढाच कर्ता असतो. टीव्हीवरच्या समालोचकांना सहसा पुढे गेलेलाच दिसतो. मला दुसऱ्याकडे बघायला आवडतं.

त्यासाठी कनेक्टिकट राज्याच्या वायव्य कोपऱ्यातला लाइम रॉकचा ट्रॅक फार सोयीचा. इथे प्रेक्षकांसाठी मोठाले स्टँड नाहीत. गवताच्या उतारावर खुर्ची टाकून बसायचं. ट्रॅक दीड मैलाचा, म्हणजे सुमारे 2.4 किलोमीटर. सात वळणं, त्यांतलं डावं एकच. क्लबातल्या गाड्यांची फेरी साधारण मिनिटभरात पुरी होते. रविवारी मात्र शर्यत नाही. शेजारच्या गावकऱ्यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीला कोर्टातून तशी मनाई आणली आणि ती आजही पाळली जाते.

गाड्या बघायच्या तर मियाटा. माझदाने 1989 साली बाजारात आणलेली ही दोन आसनी, उघड्या टपाची छोटी गाडी. तिच्या शर्यतीच्या गटाला स्पेक मियाटा म्हणतात. सगळ्यांचे टायर सारखे, स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर सारखे, इंजिनात फेरफार करायला जवळजवळ वावच नाही. ताकद बेताची. त्यामुळे पैसा ओतून किंवा पाय दाबून कुणाला मागे टाकता येत नाही. जे काही करायचं ते वळणात, हाताच्या आणि डोक्याच्या जोरावर.

अशाच एका शनिवारी पाहिलेली दोन गाड्यांची झुंज सांगतो. एक तांबडी, एक निळी, दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर. लांब सरळ पट्ट्यावर निळी तांबडीच्या बंपरला जवळजवळ चिकटून आली. हवेचा विरोध पुढची झेलते, मागचीला तो कमी लागतो. त्या बचतीवर निळी आडोशातून बाहेर पडली आणि उजवीकडे, येणाऱ्या वळणाच्या आतल्या अंगाला सरकली. दाद द्यायची ती ती कधी सरकली याला. ब्रेक लावायच्या जागेच्या बरीच आधी. तांबडीच्या चालकाला आरशात बघायला, समजून घ्यायला आणि आपला बेत बदलायला अवधी मिळाला. दोन्ही गाड्यांचे ब्रेकचे दिवे लागले तेव्हा निळीचं नाक तांबडीच्या दाराशी आलेलं होतं.

समोरचं वळण म्हणजे बिग बेंड: लांबलचक, उजवं, मध्ये थोडं सैल होऊन पुन्हा आवळणारं. ट्रॅक मोकळा असेल तर चालक बाहेरून येतो, आतली कड दोनदा शिवतो आणि पुन्हा बाहेर जातो. शेजारी गाडी असली की ही ऐसपैस वाट बंद होते. आतल्याला घट्ट वळसा घ्यावा लागतो, आणि वळशाची त्रिज्या निम्मी झाली तर तेवढ्याच पकडीवर वेग सुमारे 70 टक्क्यांवर आणावा लागतो. टायरकडे पकडीचा साठा एकच असतो. ब्रेक जितका जास्त मागेल तितकं वळायला कमी उरतं. म्हणून आत घुसणाऱ्याने आधी ब्रेक लावायला हवा. निळीचे दिवे खरोखरच तांबडीच्या निमिषभर आधी लागले. शेजारणीच्या पुढे मुसंडी मारण्याचा मोह अगदी ऐन क्षणी आवरून तिने आपला वेग वळणाला पेलेल इतका उतरवला. नाक दबलं, पुढची चाकं वळली, मागचे दिवे विझत विझत गेले. ब्रेकवरचा पाय एकदम न काढता हळूहळू सैल केल्याची ती खूण. गाडी आतल्या कडेला अशी बसली की जणू तिला तिथेच जायचं होतं.

आता तांबडी. तिचा चालक आतल्या कडेची स्वच्छ वाट सोडून बाहेरच्या अंगाला राहिला, जिथे धूळ असते आणि टायरमधून झडलेले रबराचे तुकडे पडलेले असतात. हाताची सवय त्याला आत ओढत असणार. प्रत्येक फेरीत तो तिथेच आत वळत आला होता. पण त्याने स्टिअरिंग थोडंसं सैल धरलं आणि दोन गाड्यांमध्ये हातभर फट राखली. हातभरच. दोन हात सोडली असती तर नंबर दान केल्यासारखं झालं असतं, आणि मुळीच सोडली नसती तर दोघं वाळूत. अख्ख्या लांब वळणात ती फट ना वाढली ना आकसली. ताशी शंभराच्या आसपासच्या वेगात, बाजूला घसरणाऱ्या चार टायरांवर टनभर वजन तोलत, शेजारच्याचं आरशातही पुरतं न दिसणारं चाक मनाशी धरून ती फट राखायची. कौशल्य हा शब्द मी इथे वापरेन; सर्वांत वेगवान फेरीसाठी तितक्या पटकन वापरणार नाही.

बरं, तांबडीचा हा नुसता सज्जनपणाही नव्हता. बिग बेंड संपताच ट्रॅकवरचं एकमेव डावं वळण येतं. उजव्या वळणात बाहेर असलेली गाडी त्या डाव्यात आपोआप आत येते. बाहेर राहून, धीर धरून, अर्ध्या गाडीने मागे पडूनही तिने बरोबरी सोडली नाही, आणि वळण पालटलं तशी जागाही पालटली. आता जागा देण्याची पाळी निळीची. तिनेही हातभर फट सोडली. आपल्याकडे फुगडीत दोघी मागे झुकतात त्या समोरचीच्या हातावर भिस्त ठेवूनच, आणि जितकी भिस्त पक्की तितकी गिरकी वेगाची. तसंच हे. या दोघांनी एकमेकांवर एवढा भरवसा टाकला नसता तर इतक्या वेगात हे वळण शेजारीशेजारी घेताच आलं नसतं. एकाने घाबरून पाय उचलला असता आणि बघण्यासारखं काही उरलं नसतं.

डाव्यामागोमाग पुन्हा उजवं. तांबडी आता थोडी पुढे होती. निळीचं नाक तिच्या मागच्या चाकाशी. आत फट दिसत होती. पुष्कळ चालक तिथे घुसतात. निळीने पाय उचलला आणि ती मागे राहिली. झुंजीतला माझा सर्वांत आवडता क्षण हाच. पुढे काढण्याचा निर्णय मागच्याचा, असं नियम म्हणतो. त्यात न काढण्याचा निर्णयही आला. चाक मागच्या चाकाशी असताना पुढच्याला तुम्ही धड दिसतही नसता. अशा वेळी नाक खुपसणं म्हणजे आपला निर्णय त्याच्या गळ्यात मारणं: तू वाचव, नाहीतर दोघांचं वाटोळं. लांबून ब्रेक सोडून वळणात कोसळणारे असे वीर मोबाइलच्या व्हिडिओत झकास दिसतात. माझ्या मते तो कच्चा चालक. स्वतःला जे जमत नाही ते तो समोरच्याकडून करवून घेतो.

आणि समोरच्याची गाडी त्याच्या स्वतःच्या पैशाची असते, हे हौशी शर्यतीत विसरून चालत नाही. शनिवारी ज्या ट्रेलरवरून ती आली, त्याच ट्रेलरवरून धड परत जायला हवी. सोमवारी दोघांनाही कामावर हजर व्हायचं असतं. पोर्शे क्लब ऑफ अमेरिका आणि जुन्या गाड्यांच्या शर्यती भरवणारे बरेच क्लब म्हणूनच तेराचा नियम पाळतात. गाडीला गाडी लावण्यात तुमचा दोष ठरला तर 13 महिने तुमच्यावर देखरेख; त्या मुदतीत पुन्हा दोषी ठरलात तर 13 महिने बंदी. बारा नाहीत, तेरा. बाराच असते तर पुढच्या वर्षी त्याच ट्रॅकवरच्या त्याच शर्यतीला तो माणूस हजर झाला असता. जिथे चूक केली तिथली एक शर्यत त्याने बाहेर बसून घालवावी, हा त्या जादा महिन्याचा अर्थ. शिक्षेतही असा नेमकेपणा असू शकतो हे पाहून मन प्रसन्न होतं.

हे शहाणपण सुखासुखी आलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत या शर्यती पुन्हा सुरू झाल्या त्या सार्वजनिक रस्त्यांवर. न्यू यॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनची पहिली शर्यत 1948 साली थेट गावातून, रेल्वेचे रूळ ओलांडून धावली. 1952 साली तिथेच एक गाडी रस्त्याच्या कडेला बसलेल्या प्रेक्षकांना घासली आणि एक लहान मुलगा दगावला. मग शर्यती गावाबाहेर गेल्या आणि हळूहळू खास बांधलेले ट्रॅक आले. लाइम रॉक त्यांतलाच, 1957चा.

त्याच्या उभारणीत जॉन फिच या माणसाचा मोठा हात होता. 1951 साली स्पोर्ट्स कार क्लबचा राष्ट्रीय विजेता ठरलेला हा चालक 1955 साली मर्सिडीजच्या संघातून फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरला. गाडीतला त्याचा जोडीदार पिअर लेवे. पहिली पाळी लेवेची होती. एका गाडीने पुढच्या गाडीला मागे टाकलं आणि लगेच पिटमध्ये शिरायला ब्रेक लावला; मागे टाकलेली ती गाडी तिला चुकवायला बाजूला सरकली, आणि वेगाने येणारी लेवेची गाडी तिच्यावर आदळून उडाली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत फेकले गेले. लेवेसह ऐंशीहून अधिक माणसं मेली. फिच आपल्या पाळीची वाट बघत पिटमध्येच होता. पुढे त्याने लाइम रॉकचा कारभार पाहिला, आणि अमेरिकेच्या महामार्गांवर उड्डाणपुलांच्या तोंडाशी दिसणारी वाळूभरली पिवळी पिंपं शोधून काढली ती त्यानेच. चौकशीत एका चालकावर दोष ठेवला गेला नाही. पण ओव्हरटेक पुरा झाला म्हणजे मागच्याशी असलेलं देणंघेणं संपलं असं नसतं, हे त्या अपघाताइतकं भयानकपणे कुठेच दिसलेलं नाही.

डोक्याला आणि मानेला धरून ठेवणारं हॅन्स नावाचं उपकरणही असंच शर्यतीतल्याच एका माणसाच्या निकडीतून आलं. 1981 साली आपल्या मित्राचा अपघाती मृत्यू झाल्यावर जिम डाउनिंग या चालकाने रॉबर्ट हबर्ड या आपल्या मेहुण्याला गाठलं. हबर्ड मिशिगनमध्ये शरीराच्या यांत्रिकीचा प्राध्यापक. धडक बसते तेव्हा पट्टे धड धरतात, डोकं मात्र पुढे फेकलं जातं. ते खांद्यांशी बांधून ठेवायचं, इतकी साधी कल्पना. पण ती सर्वांच्या गळी उतरायला वीस वर्षं गेली. 2001 साली डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट हा नामवंत चालक दगावला, त्यानंतर कुठे ती सर्रास झाली.

ट्रॅकच्या कडेला उभे असणारे झेंडेवाले हे या खेळातले आणखी एक गुणी लोक. तेही हौशीच, बिनपगारी. पिवळा झेंडा फडकला की त्या टापूत ओव्हरटेक बंद, आणि तो पाळला जाईल या एकाच भरवशावर ती माणसं बंद पडलेल्या गाडीकडे धावतात. शर्यत संपल्यावरच्या सावकाश फेरीत चालक प्रत्येक चौकीपाशी हात हलवतात, आणि चौकीवरचे सगळे झेंडे उंचावून उत्तर देतात. ही प्रथा कुणी मोडली तर मला ते गैर वाटतं.

पॉल न्यूमन हा नट स्पोर्ट्स कार क्लबातूनच तयार झाला. कार्यक्रमपत्रिकेत नाव पी. एल. न्यूमन, बस. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद 1976 साली, वयाच्या 51व्या वर्षी; चौथं 1986 साली. लाइम रॉक हा त्याचा घरचा ट्रॅक. त्या वयात माणूस नुसत्या धाडसावर जिंकत नाही. फेरीमागून फेरी त्याच जागी ब्रेक, तीच वाट, म्हणजे आजूबाजूच्यांना तो कुठे असेल हे आधीच ठाऊक, याची किंमत अशा वयात कळते.

ही किंमत सगळ्यात जास्त दिसते ती मागे पडलेल्या चालकात. त्या शनिवारी काही फेऱ्यांनंतर तांबडी आणि निळी, अजूनही एकमेकींना चिकटलेल्या, शेवटून दुसऱ्या असलेल्या एका पांढऱ्या गाडीला वेस्ट बेंड या वळणाच्या तोंडाशी गाठायला आल्या. चौकीवर निळा झेंडा, त्यावर तिरपी पिवळी पट्टी: मागून वेगवान गाडी येते आहे. नवखा असता तर घाबरून आपली वाट सोडून बाजूला झाला असता, आणि नेमका त्यांच्याच वाटेत आला असता. पांढरीच्या चालकाने तसं काही केलं नाही. आपल्या रोजच्या वाटेवर, रोजच्या वेगाने राहिला, हात वर करून कुठल्या बाजूने जायचं ते खुणेने दाखवलं, आणि वळणाच्या तोंडाशी पॅडलवरून पाय नखभर उचलला. दोघी एकामागोमाग आतून निघून गेल्या. त्याच्यामुळे कुणाला फायदा झाला नाही की तोटा. दोघींमधलं अंतर आधी होतं तेवढंच नंतरही राहिलं. स्वतःचेही सेकंदाचे दोन-चार दशांशच काय ते गेले असतील.