तोरू दत्तचीं पत्रें

तोरू दत्त (१८५६-१८७७) हिच्या काव्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. हरिहर दास यांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या तिच्या पत्रांकडे मात्र टीकाकार बहुधा चरित्राचें साधन म्हणूनच पाहतात. माझ्या मतें हा अन्याय होय. १८७३ सालीं सतरा वर्षांची तोरू इंग्लंडहून कलकत्त्यास परतली व केंब्रिज येथील मैत्रीण मेरी मार्टिन हिला लिहूं लागली. पुढल्याच वर्षीं बहीण आरू क्षयानें गेली. त्या ओसाड झालेल्या घरांतून निघालेल्या या पत्रांत बागमारीची बाग आहे, घोडे व मांजरें आहेत, नुकतींच वाचलेलीं फ्रेंच पुस्तकें आहेत, वडिलांसह आरंभिलेलें संस्कृत आहे. घोड्यांच्या वार्ता कधीं कधीं कंटाळा आणतात, हें कबूल. परंतु पद्यांत परक्या छंदाची भीड बाळगून अवघडणारी हीच लेखणी येथें किती मोकळी चालते! मेरी कांहीं परीक्षक नव्हती. १८७६ सालीं तोरूच्या भाषांतरित कवितांचा संग्रह भवानीपूर येथें छापला गेला आणि एडमंड गॉस यांनीं त्याची वाखाणणी केली. त्यापूर्वींपासूनच हीं पत्रें एकाच मैत्रिणीसाठीं लिहिलीं जात होतीं, आणि त्यांतलें गद्य तेवढ्यावरच वाढलें. तोरूच्या वाचनास आरंभ करणारानें कवितासंग्रह तूर्त बाजूस ठेवून आधीं हीं पत्रें उघडावीं.